पा पा पा, टा टा टा

मला ऑनलाइन गेमचं व्यसन लागलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. हे वाक्य मी आजवर चार-पाच जणांना सांगून पाहिलं, आणि प्रत्येकाने आधी माझ्या मागे पाहिलं. तिथे एखादा पोरगा मान खाली घालून उभा असेल असं त्यांना वाटायचं. आमच्या डॉक्टरांनी तर पॅड पुढे ओढून विचारलं, "कितवीत आहे मुलगा?" म्हटलं, डॉक्टर, मुलगा नाहीये. "मग मुलगी? मुलीही खेळायला लागल्यात हल्ली." म्हटलं, मुलगीही नाही, माझं लग्नच झालेलं नाही, खेळते ती मी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्या मी महिनाभर खाल्ल्या. गोळी खायची आणि गेम उघडायचा.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो, मी आणि माझे वडील, अण्णा. मूळचे नांदेडकडचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. अण्णा छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासायचे आणि नोकरी सोडून उरलेला सगळा वेळ विहाराचा. राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन गाळे जोडून आमचं विहार आहे. तिथे दर वर्षी आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हे वाचन गेली वीस वर्षं अण्णांकडे होतं. त्यांचा आवाज असा की माइक बिघडला तरी कोणाला कळायचं नाही. स्वल्पविरामालासुद्धा थांबायचे. लहानपणी मला त्या थांबण्याचा इतका वैताग यायचा की मी मनात पुढचं वाक्य पूर्ण करून टाकायची.

त्या वर्षी होळीच्या आठवडाभर आधी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. पाय लवकर सावरला, उजवा हात अर्धाच परत आला, आणि बोलणं गेलं. डोक्यात सगळं शाबूत होतं. कळायचं, आठवायचं, राग यायचा. फक्त जीभ आणि ओठ ऐकेनात. 'पाणी' म्हणायला गेले की नुसती हवा यायची आणि शेवटी एक 'ई'.

गेम मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर डाउनलोड केला. अण्णा आत, मी बाहेर, हातात फोन, आणि नातेवाईकांना तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलेलं. चार जणांची टीम करायची, एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो गेम. पहिल्या दिवशी मी दीड मिनिटात मेले. अपमान वाटला म्हणून परत उतरले. आठवड्याभरात माझी कायमची टीम झाली, एक इंदूरचा, एक लखनौचा आणि एक लुधियान्याची मुलगी. तोंडं कोणी कोणाची पाहिली नाहीत, फक्त आवाज. आधी मला दीदी म्हणायचे, मग कॅप्टन म्हणायला लागले. मी सांगेन तिकडे तिघं धावायचे. ऑफिसात मला गेल्या चौदा वर्षांत कोणी कॅप्टन म्हटलेलं नाही, आणि घरात तर मी अजून 'अगं ए' आहे. मला ते फार म्हणजे फारच आवडलं, हे आता खोटं कशाला सांगू.

अण्णांना घरी आणल्यावर बेव्हर्ली पार्कला एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे दाखवलं. मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायच्या मुख्याध्यापिकेसारख्या. त्यांनी एक छापील तक्ता दिला. रोज सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. आधी ओठांचे व्यायाम, मग पा पा पा, टा टा टा, का का का, मग एक ते वीस आकडे, मग एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायचा. दर वेळी झालं की चौकटीत बरोबरची खूण करायची. "समोर बसून करून घ्या," मॅडम मला म्हणाल्या. "त्यांना तुमचं तोंड दिसलं पाहिजे. तुम्ही म्हणायचं, त्यांनी बघून म्हणायचं. आणि आवाज बाहेर आला पाहिजे, नुसते ओठ हलवून चालणार नाही. पहिले काही महिने सोन्याचे असतात, ते परत मिळत नाहीत."

मी मान डोलावली. तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावला, शेजारी दोरीला पेन बांधून टाकलं. तयारीत मी कुठेच कमी पडत नाही.

सकाळचं सत्र पहिले पंधरा दिवस नीट झालं. घोटाळा संध्याकाळचा. माझं काम घरूनच असतं, सहाला संपतं. सहाला व्यायाम ठरलेला, आणि सहालाच टीम ऑनलाइन. मी अण्णांना म्हणायची, "एक मॅच. पाच मिनिटं." एक मॅच पंचवीस मिनिटांची असते हे मला ठाऊक होतं आणि दोन-चार दिवसांत अण्णांनाही ठाऊक झालं. ते दिवाणावर बसून राहायचे. खिडकीला दाढीचा छोटा आरसा टांगलेला होता. मी उठत नाही म्हटल्यावर त्यांनी तो आरसा डाव्या हाताने काढून समोर धरला आणि स्वतःचं तोंड बघत एकट्याने सुरू केलं. पा पा पा. टा टा टा. ते 'पा' म्हणजे 'भा' आणि 'हा' यांच्या मधलं काहीतरी असायचं, आणि त्यात लाळ.

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं की, बरं झालं, करतायत की.

मॅच संपली की मी उठून तक्त्यावर खूण करायची. मग सकाळचीही त्याच वेळी करायला लागले. मग आठवड्याची एकदम, रविवारी.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे माझ्या अकलेची कल्पना येईल. मी आरोग्य विम्याचे कागद तपासते. हॉस्पिटलातून आलेले तक्ते खरे की मागून भरलेले, हे बघायचं. चौदा वर्षं हेच. खरा तक्ता लगेच ओळखू येतो. त्यात एका नर्सचं निळं पेन असतं, दुसरीचं काळं, कुठे चहाचा डाग, एखाद्या रात्रीची नोंद राहिलेली, मग मागाहून कोपऱ्यात कोंबलेली. खोटा तक्ता सुंदर असतो. एकच पेन, एकच झुकाव, एकही चौकट रिकामी नाही. असा कागद समोर आला की मी त्यावर लाल शेरा मारते आणि वर 'लोकांना काय वाटतं, आम्ही आंधळे आहोत?' असं पुटपुटते. हीच बाई रविवारी फ्रिजसमोर उभी राहून, एकाच पेनाने, एकाच झुकावाने, चौदा खुणा मारत होती.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. माझ्या हेडफोनचा एक कान गेला होता म्हणून मी स्पीकरवर खेळत होते. आतल्या खोलीत, दार उघडं. बाहेर अण्णांचं चाललं होतं, पा पा पा. आम्ही चौघं एका पडक्या घरात दबा धरून होतो, कोणी बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत अण्णांचा आवाज स्वच्छ गेला असणार. लखनौचा म्हणाला, "ये पीछे बकरी किसने बाँध रखी है, कॅप्टन?" लुधियान्याची खिदळली. मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. म्हटलं, "अरे टीवी है, यार. कार्टून चल रहा है." तिघंही हसले, मीही हसले. आणि पायाने दार ढकलून दिलं.

ती मॅच आम्ही जिंकलो. मला अजून आठवतं, याचाच राग येतो.

त्यानंतर काही दिवसांनी बाहेरचा आवाज बंद झाला. मला बंद झाल्याचं कळलंसुद्धा उशिरा. आरसा हातात असायचा, ओठ हलायचे, पण आवाज नाही. मी अण्णांना झापलं. चक्क झापलं. "अण्णा, तुम्ही प्रयत्नच करत नाही. मॅडमनी काय सांगितलंय? आवाज काढायचा. मी एकटी किती करू?" मी एकटी किती करू, असं मी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि आरसा परत खिळ्याला अडकवला.

जूनच्या सुरुवातीला मॅडमनी तक्ता घेऊन बोलावलं. तपासलं, अण्णांना वाक्यं म्हणायला लावली. तिथे अण्णांनी आवाज काढला, पण फारशी प्रगती नव्हती. मॅडमनी तक्ता उघडला आणि बराच वेळ बघत बसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला होते.

"हे एकाच बैठकीत भरलंय ना?" मॅडम म्हणाल्या.

मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. आणि तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. उजवा हात, खांद्यापर्यंतही धड न जाणारा. "मी," ते म्हणाले. "मी... क्येलं." म्हणजे खुणा त्यांनी केल्या. त्या हाताने त्यांना चमचा धरता येत नव्हता. मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तक्ता घडी घालून परत दिला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिक्षात मी अण्णांवरच चिडले. "कशाला मध्ये बोललात? कोणी सांगितलं होतं?" अण्णा बाहेर बघत बसले. मला रडू येत होतं आणि ते रिक्षावाल्याला दिसू नये म्हणून मी फोन काढला. फोन काढला की अंगठा आपोआप कुठे जातो ते सांगायला नको. उड्डाणपूल येईपर्यंत मी बेटावर उतरले होते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी भीती वाटली. बाप शेजारी बसलाय, माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन, आणि मी हेल्मेट शोधतेय.

मग सुरू झाला सोडण्याचा तमाशा. मी गेम अकरा वेळा काढून टाकला आणि अकराही वेळा परत घेतला. तो परत घेतला की 'पुन्हा स्वागत आहे, कॅप्टन' म्हणायचा आणि वर आठवण ठेवल्याबद्दल एक टोपी द्यायचा. सल्ले सगळ्यांनी दिले. ऑफिसातली एक म्हणाली, विपश्यनेला जा. म्हटलं, दहा दिवस अण्णांना कोणाकडे ठेवू, तुझ्याकडे? मावशी म्हणाली, लग्न केलं असतंस तर ही वेळ आली नसती. माझ्या ओळखीतल्या लग्न झालेल्या निम्म्या बायका जेवताना फोनवर मिठाया फोडत बसतात, त्यांचं काय, हे मी तिला विचारलं नाही.

शेवटी मी पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. बाई खणखणीत, कोणाचं ऐकून घेणारी नाही, म्हणून मला योग्य वाटल्या. फोनमध्ये गेमला कुलूप लावायची सोय असते. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही पासवर्ड टाका, चार आकडे, आणि मी पाया पडले तरी मला सांगू नका. आणि हे आपल्या दोघींतच ठेवा." काकूंनी गंभीरपणे चष्मा लावला, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आकडे टाकले. मला फार हलकं वाटलं. घरी येऊन चहा टाकला तर फोन वाजला.

महिला मंडळाच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज होता. "सर्वांना जयभीम. ताईंच्या गेमचा पासवर्ड खालीलप्रमाणे आहे. मी विसरू शकते, तरी सर्वांनी लिहून ठेवावा. कृपया ताईंना कोणीही सांगू नये."

खाली चार आकडे. त्या ग्रुपमध्ये मी आहे. मीच त्याची अॅडमिन आहे.

मी मेसेज वाचत असतानाच खाली उत्तरं यायला लागली. हात जोडलेले, कमळाची फुलं, अंगठे. तिघींनी 'साधू साधू साधू' लिहिलं. एकीने विचारलं, "कोणता गेम? माझ्या जावेलाही आहे." पाच मिनिटांत अख्ख्या मंडळाला माझं व्यसन कळलं होतं आणि मला पासवर्ड. मी तणतणत खाली गेले. काकूंना सगळं समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं पण मी स्पष्ट लिहिलंय ना, तुला सांगू नये म्हणून?"

पण काकूंनी हार मानली नाही. आषाढी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि वर्षावासाला वाचणारं कोणी नव्हतं. मंडळाने ठराव करून टाकला, मला न विचारता. रोज संध्याकाळी सहा ते सात, वाचन मी करायचं. "अण्णांना पण घेऊन ये," काकू म्हणाल्या. "त्यांनाही बरं वाटेल. आणि तुझा तो टायम पण तोच आहे ना, मारामारीचा?" सगळ्यांना माझी मॅचची वेळसुद्धा माहीत होती.

नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णांची जागा होती ती.

पहिल्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून मी विहारात बसले. वंदना झाली, पंचशील झालं, ग्रंथ समोर आला. अण्णा पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी वाचायला लागले आणि पहिल्या पानावरच मला कळलं की माझे दोन्ही अंगठे ग्रंथाच्या कडांवर चालतायत, डावा पळायला, उजवा गोळी मारायला. मी ते मुठीत घेतले. वाचताना जीव कासावीस व्हायचा. घड्याळ दिसावं म्हणून फोन चौरंगावर ठेवलेला असायचा, तो मध्येच उजळायचा. 'कॅप्टन किधर हो'. मी भरधाव वाचायची. मग पहिल्या रांगेतून टक टक आवाज यायचा. अण्णा डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचे. स्वल्पविराम खाल्ला, टक. पूर्णविराम खाल्ला, टक टक. इतक्या लोकांसमोर. बोलता येत नव्हतं तरी बापाने माझी मुद्रितं तपासायची सोडली नाहीत.

तीन आठवडे मी चिडचिड करत गेले. चौथ्या आठवड्यात ताप आलाय असं सांगून घरी राहिले आणि चार दिवस मनसोक्त खेळले. चौथ्या दिवशी काकू काढा घेऊन वर आल्या. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात फोन होता आणि त्यातून गोळीबार चालला होता. काकूंनी काढा टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुझे वडील चार दिवस सहा वाजता कपडे घालून जिन्यात बसतायत. मी सोबत चला म्हटलं तर येत नाहीत. तुला माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ते खाली हवेला जातात.

पुढच्या दिवसापासून मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. कोणती मोठी जिद्द वगैरे नव्हती, जिना आठवायचा एवढंच. आणि एक गोष्ट अशी झाली की, आठवड्याभराने सहज उघडून पाहिलं तर टीमने नवीन कॅप्टन केला होता. कोणीतरी नागपूरचा. इतके महिने मी ज्यांच्यासाठी बापाला ताटकळत ठेवलं त्यांना माझी जागा भरायला आठवडाही लागला नाही. मी जाम दुखावले. मग जेवताना मला हसू आलं, आणि त्याच दिवशी मी नुसता गेम काढला नाही, आख्खं खातंच बंद करायचा अर्ज भरला. त्यात कारण विचारलं होतं. कंटाळा आला, फोन जुना आहे, दुसरा गेम आवडला. माझं कारण त्या यादीत नव्हतं. मी 'इतर'वर बोट ठेवलं.

सोडलं म्हणजे सुटलं असं नाही. अजूनही कुकरच्या शिट्या मोजताना अंगठा खिसा शोधतो. पण संध्याकाळचे सहा परत मिळाले. विहारातून आल्यावर मी अण्णांच्या समोर बसायला लागले, तोंडासमोर तोंड, पा पा पा, टा टा टा. तक्त्यावर आता निळं, काळं, एकदा तर पेन्सिलचं, आणि बऱ्याच चौकटी रिकाम्या. तो तक्ता माझ्याकडे तपासायला आला असता तर मी डोळे झाकून पास केला असता.

एकच भानगड होती. अण्णा आवाज काढेनात. ओठ बरोबर, जीभ बरोबर, आवाज नाही. विहारात मी वाचायची तेव्हाही त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, शब्दाला शब्द, मुके. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे तर चांगला आवाज लावतात. घरी काय होतं?" मला काय माहीत काय होतं! मी समजावलं, चिडले, हात जोडले. ते फक्त मान हलवायचे आणि इकडे तिकडे बघायचे.

भाद्रपदात एका संध्याकाळचं वाचन आमच्या घरी ठरलं. वर्षावासात अधूनमधून विहाराऐवजी कोणाच्या तरी घरी वाचन ठेवतात, तशी आमची पाळी आली. मी दिवाण भिंतीला सरकवला, सतरंज्या घातल्या, खिरीचं पातेलं उतरवलं. बायका येऊन बसल्या. काकूंनी आपला फोन खिडकीत टेकवून व्हिडिओ कॉल लावला, परभणीच्या लेकीला वाचन दाखवायचं म्हणून. वंदना झाली. मी चौरंगापाशी बसले आणि अण्णांनी माझ्या दंडाला हात लावला. स्वतःकडे बोट केलं. त्यांना वाचायचं होतं.

मी उठले, त्यांना बसवलं, ग्रंथ समोर उघडून दिला आणि मॅडमनी शिकवलेलं तसं समोर जाऊन बसले. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी चौरंगावरच्या माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

"बं...द?" अगदी हळू, मला एकटीला ऐकू जाईल इतकंच.

"बंद आहे, अण्णा. घड्याळासाठी ठेवलाय."

"ते... लोक?"

"कोण लोक?"

"तुजे. ऐक...तात." आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. तो आवाज, ते हसणं, मी ढकललेलं दार. अण्णांनी ऐकलं होतं. त्यांच्या लेखी माझा फोन म्हणजे उघडी खिडकीच होती, तिच्यात माझी माणसं कायम बसलेली, न बोलावता बोलणारी. माझ्या माणसांसमोर मला लाज वाटू नये म्हणून हा माणूस पाच महिने घरात, विहारात, माझ्यासमोर, आवाज न काढता बोलायला शिकत होता. आणि मी त्यालाच म्हटलं होतं, तुम्ही प्रयत्न करत नाही. सोन्याचे महिने म्हणाल्या होत्या मॅडम. ते मी कसे घालवले ते मला माहीत आहे, आणि आता जगभरचे अर्ज भरले तरी ते परत येणार नाहीत.

"कोणी नाहीत, अण्णा," मी म्हटलं. "गेले सगळे. मी काढून टाकलं त्यांना." आणि फोन आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवून आले.

अण्णांनी श्वास घेतला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा निघाला, त्यांच्या जुन्या आवाजाइतका नाही, पण मोठा. शब्द मात्र एकमेकांत कालवलेले. 'भगवान'चं 'भअवाऽ' व्हायचं, जोडाक्षरं फुटायची, हनुवटीवर लाळ यायची. एका ओळीला मिनिट लागत होतं. मी समोर बसून प्रत्येक शब्दाला तोंड वासत होते. बायका हालत नव्हत्या.

तिसऱ्या ओळीला खिडकीतल्या फोनमधून काकूंच्या लेकीचा आवाज आला. "मम्मी, हा कसला आवाज येतोय? काही कळतच नाहीये."

काकू घाईघाईने फोनकडे वळल्या. त्यांच्याआधी मी बोलले, आणि जरा जास्तच मोठ्याने बोलले.

"माझे वडील वाचतायत. कळेपर्यंत ऐक."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. छे. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. वाचन मध्येच तोडलं म्हणून बाप चिडला होता. त्यांनी चौरंगावर बोट आपटलं, टक टक, आणि पान पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.